इहीनबाईची एकादशी आणि माझं पनीर

“शेंगदाण्याचं तेल निघते का नाई?” मी विचारलं.

“निघते,” इहीनबाई म्हणाल्या.

“मंग शेंगदाना एकादशीले चालते का नाई?”

“चालते.”

“मंग सोयाबीनचंबी तेलच निघते. थे काऊन नाई चालत?”

आता एवढ्यावर कोणीही शहाण्या माणसानं गप्प बसायला पाहिजे होतं. पण समोर माझ्या लेकीची, मंगलची सासू बसली होती, म्हणजे माझी विहीण, रुक्माबाई. त्यांनी पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं. रिकामं ताट बरं का, बोटानं निपटून रिकामं केलेलं. आणि शांतपणे म्हणाल्या, “सरकीचंबी तेल निघते. पुढच्या एकादशीले मले सरकी वाढसान का? म्हशीच्या बाजूले बसवून?”

मला उत्तर सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. पटवाऱ्यापुढं मला उत्तर सुचलं आहे, मंडल ऑफिसातल्या साहेबापुढं सुचलं आहे, बसच्या कंडक्टरला तर मी उतरल्यावरही उत्तरं देत राहते. आणि इथं माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच चुलीपुढं, सरकीनं माझं तोंड बंद केलं.

तुम्ही म्हणाल, एवढं झालं काय? सांगते. हसायचं असेल तर हसा, पण हातातला कप आधी खाली ठेवा. हे भांडण मला कोणी लावून दिलेलं नव्हतं. ते मी स्वतः, चांगलं कष्ट करून, हौसेनं ओढवून घेतलं होतं.

आमचं गाव वांकिडीच्या पलीकडं, तेलुगू राज्यात, पण अगदी मराठी सीमेवर. आमचा सारा मुलूख कापूस आणि ज्वारीचा. नव्वद सालाच्या आसपास कधीतरी राजुऱ्याकडच्या पाहुण्यांनी आमच्या ह्यांच्या डोक्यात सोयाबीन भरलं. ह्यांनी हौसेनं एक तुकडा पेरला. पीक बरं आलं. सगळं विकून एक पोतं घरात राहिलं, आणि त्या पोत्याचं काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं.

मी उसळ केली. घरभर कच्च्या गवताचा वास. ह्यांनी एक घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि मला म्हणाले, “काय व, हे मानसाइचं हाय का बैलाइचं?”

झालं. तेव्हापासून त्या पोत्यात आणि माझ्यात वैर पडलं. घरात आलेला दाणा मला हरवतो म्हणजे काय?

त्याच दिवसांत मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्या तालुक्याच्या कचेरीत, बायकांसाठी शिकवणी निघाली, सोयाबीनपासून दूध आणि पनीर करायची. मी गेले. सोबत माझी जाऊ सगुणा, जिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. शिकवणाऱ्या मॅडम तेलुगूतून बोलायच्या. मला तेलुगू बाजारापुरती येते, म्हणजे भाव पाडण्यापुरती आणि भांडण्यापुरती. सगुणाला तेवढीही येत नाही. ती खांबाला टेकली आणि डोळे मिटून घेतले. मी मात्र मॅडमच्या हातांकडं बघत राहिले. हात कुठल्या भाषेत चालतात? मी शाळेची पायरी चढले नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून मी वाचायला शिकले, तर हात वाचायला मला कितीसा वेळ लागणार?

घरी येऊन करायला बसले. पहिल्या वेळी दूध नीट उकळलं नाही, तोच गवताचा वास. दुसऱ्या वेळी लिंबू इतकं पिळलं की ह्यांचा एक डोळा बराच वेळ उघडला नाही. तिसऱ्या वेळी वजन म्हणून वरून पाटा ठेवला. दगडी पाटा. पनीरचा पापड झाला. फडक्यापासून सोडवायला विळा लागला.

पण मग जमलं. आणि असं जमलं म्हणता! ऐका, तुमच्याही कामाचं आहे. दाणे रात्री भिजत घालायचे. सकाळी चोळून चोळून सालं काढायची, इथं आळस केला की सगळं गेलं. पाट्यावर बारीक वाटायचं, पाणी घालून मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळायचं आणि तिथून हलायचं नाही, कारण ते फेस धरून असं वर येतं की शेजारणीशी दोन शब्द बोलेपर्यंत चूल विझते. मग जुन्या धोतराच्या धुवट फडक्यातून गाळायचं. पुन्हा उकळी आणायची, खाली उतरवायचं आणि लिंबू पिळायचं. हळूहळू. डोळ्यांचा विचार करून. फाटलं की फडक्यात बांधायचं, वर वरवंटा ठेवायचा, पाटा नाही. घट्ट झालं की गार पाण्यात सोडायचं.

आणि वाया काय जातं? काही नाही. गाळून राहिलेला चोथा ज्वारीच्या पिठात, कांदा-मिरची घालून धपाटे लावायचे. फाटल्यावर निघालेलं पाणी भाकरीच्या पिठाला. पनीर कांद्याबरोबर कुस्करलं की भुर्जी, वांग्याच्या रश्श्यात सोडलं की पाहुण्यांची भाजी, आंबाडीच्या भाजीत घातलं की तिचा आंबटपणा ते गुमान पिऊन घेतं. त्याला स्वतःची चव फारशी नाही, हे खरं. पण ज्याच्या संगतीत टाकाल त्याचं होतं. घरात असा एक माणूस असावा, आमच्यात नाही.

ओंजळभर दाण्यात घरचं भागायला लागलं आणि माझं डोकं फिरलं. मी साऱ्या गावाला शिकवत सुटले. बायका बिचकायच्या, हे काय नवं म्हणून. मग मी सगुणाच्या ओट्यावर उभी राहून ठणकावून सांगितलं, “भेता काऊन? हे काई इलायती नोहे. डाळच हाय. आपल्या तुरीची सख्खी बहीन.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरले होते. सगुणा नव्हती विसरली.

तर असे दिवस चाललेले. दिवाळीनंतर मंगलला आम्ही पहिल्या बाळंतपणाला घरी आणलं. सातवा लागलेला. गोठ्यात आमची चंद्री म्हैसही गाभण, तिचं दूध आटून महिना उलटून गेला होता. घरात दोघीही वाट बघायला लावणाऱ्या, दोघीही सुस्त, दोघींनाही माझं बोलणं ऐकू येईना. गावातलं बाकीचं दूध पहाटेच डेअरीच्या कॅनमध्ये जायचं. म्हणजे आमच्या घरात चहा काळा.

आणि एके दिवशी सकाळच्या बसनं रुक्माबाई दारात. सुनेला बघायला आल्या होत्या, न कळवता. हातात पिशवी, पिशवीत सुनेसाठी डिंकाचे लाडू. बाई धिप्पाड, आवाज बारीक, आणि घर स्वच्छ आहे का हे बघताना मान न हलवता फक्त डोळे फिरवायची कला अवगत. बसल्या, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, “माह्यासाठी काई करू नोका जी. आज एकादशी हाय. भगर असली तं भगर, नाई तं नुसता बटाटा उकडा.”

नुसता बटाटा! मंगलच्या सासूला माझ्या घरी नुसता बटाटा? परत जाऊन त्या तोंडानं काही बोलल्या नसत्या, फक्त डोळे फिरवले असते, आणि माझ्या लेकीला ते जन्मभर पुरलं असतं.

मी स्वयंपाकघरात गेले. भगर होती. शेंगदाण्याची आमटी करता येत होती. आणि पातेल्यात, गार पाण्यात, पांढरंशुभ्र पनीर तरंगत होतं. संध्याकाळच्या रश्श्यासाठी केलेलं.

आता इथं तुम्ही मला थांबवाल. बाई गं, तुला कळलं नाही का? नाही कळलं. देवाशपथ नाही. कितीतरी महिने मी ते दूध म्हणून उकळत होते, दूध म्हणून गाळत होते, लिंबू पिळून नासवत होते. उतू गेलं तर “दूध गेलं, दूध गेलं” म्हणून धावत होते. ज्याला लिंबानं नासवता येतं ते दूधदुभतं, आणि दूधदुभतं उपासाला चालतं, इतका सरळ हिशेब. तो दाणा माझ्या डोक्यातून केव्हाच गाळून निघाला होता.

घरचं तूप थोडं उरलं होतं. त्यात जिरं टाकलं, हिरवी मिरची, पनीरचे तुकडे लालसर परतले, वरून शेंगदाण्याचा कूट आणि सैंधव. वास असा सुटला की मंगल आतल्या खोलीतून उठून आली, जी सकाळपासून ऊठ म्हटलं तरी उठली नव्हती.

इहीनबाईंनी एक तुकडा तोंडात घातला. डोळे फिरायचे थांबले. भगर बाजूला राहिली आणि पनीर संपलं. मी वाढलं, तेही संपलं. मग त्यांनी स्वतःहून ताट पुढं केलं. लक्षात घ्या, इहीनबाईनं इहीनबाईच्या घरी स्वतःहून ताट पुढं करणं म्हणजे काय!

“लय गुनाची हाय,” त्या म्हणाल्या.

मी पदर सावरला. मान खाली घातली. म्हटलं, कसचं काय जी.

“तुमची म्हैस,” त्या म्हणाल्या. “दूध असं घट्ट असल्याबिगर पनीर असं होत नाई.”

मी गप्प राहिले. खरं सांगते, इथवर मी गप्प राहिले. कोणी मला गप्प राहिलेलं पाहिलं नसेल, पण त्या दिवशी मंगलनं पाहिलं.

जेवण झाल्यावर हात धुवायला म्हणून इहीनबाई अंगणात गेल्या, त्या थेट गोठ्यात. चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. तिचे कान पाहिले, शिंगं पाहिली, तिला काय काय खायला घालतो ते विचारलं. म्हणाल्या, हिच्या पोटी वगार, म्हणजे पारडी, झाली तर आमच्यासाठी ठेवा, आमच्या घरी अशी जात पाहिजे. चंद्री रवंथ करत सगळं ऐकून घेत होती. नकार देत नव्हती. मग इहीनबाईंनी कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून हळदीकुंकवाची डबी काढली आणि चंद्रीच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं.

हळदीकुंकू! त्या म्हशीला! दाणे भिजवले कोणी? सालं चोळून बोटांची कातडी गेली कोणाची? पाट्यावर वाटून खांदा भरून आला तो काय चंद्रीचा?

“इहीनबाई,” मी म्हटलं, “त्या म्हशीनं मयन्याच्या वर झाला, थेंबभर दूध देल्लं नाई. थे पनीर माह्या हातचं हाय. सोयाबीनचं. सोता दाने वाटून केलं.”

एवढं बोलून मी कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

मंगलनं कपाळावर हात मारला. तेव्हा मला ऐकू आलं मी काय बोलले ते.

इहीनबाई पाटावर येऊन बसल्या. ते रिकामं ताट अजून तिथंच होतं. त्याच्याकडं बघत त्यांनी हळूहळू सांगितलं. आषाढापासून प्रत्येक एकादशीला त्या अन्नाचा कण, डाळीचा दाणा तोंडात घालत नव्हत्या. मंगल सुखरूप बाळंत होईपर्यंत घालणार नव्हत्या. बासरला गोदावरीत उभं राहून तसा नवस बोलल्या होत्या, आणि लेकराच्या हाती पहिली पाटी तिथंच, सरस्वतीपुढं द्यायची, असंही कबूल केलं होतं. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सुनेला तर नाहीच, उगीच ओझं कशाला म्हणून.

“आता मोडलं,” त्या म्हणाल्या. “आता पुन्हा आषाढापासून धरा लागते. तवरोक लेकरू थांबते का जी?”

मंगलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ज्या बाईच्या डोळे फिरवण्याला मी वर्षभर घाबरत होते, ती माझ्या लेकीसाठी उपाशी राहत होती, आणि मी तिला तूप घालून, जिरं घालून, वरून कूट घालून डाळ चारली होती. तीनदा वाढून.

पण मी कोण? चूक कबूल करायची तर आधी भांडून बघायची, हा माझा स्वभाव. म्हणून ते शेंगदाण्याचं काढलं. त्यावर सरकी आली, ती तुम्ही ऐकलीच.

पण सरकीपुढंही मी हटले नाही. मी दुसरी बाजू धरली. म्हटलं, शिजवताना सगळा चोथा बाजूला काढला, दाणा त्यातच गेला, ताटात आलं ते नुसतं पाणी, पाण्याला कसली एकादशी! इहीनबाई म्हणाल्या की मग वरणाचं वरचं पाणीही चालायला पाहिजे. मी म्हटलं की सोयाबीन डाळच नाही. डाळ म्हणजे तूर, मूग, हरभरा. हे परदेशातलं धान्य, आपल्या शास्त्रात याचं नावच नाही. नाव नाही तर मनाई कशी?

मला वाटलं, जिंकले. इहीनबाईंनी पहिल्यांदा मान हलवली, म्हणजे विचारात पडल्या.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला. सगुणा. भिंतीवर हनुवटी टेकून ती केव्हापासून उभी होती देव जाणे. मुकदमा इकडं आणि साक्षीदार तिकडं तयारच.

“माह्या ओट्यावर उभी राहून तं सांगे व तू,” सगुणा म्हणाली. “डाळच हाय. तुरीची सख्खी बहीन.”

मंडल ऑफिसात खांबाला टेकून झोपणारी बाई! तेव्हा एक अक्षर तिच्या कानात शिरलं नाही, आणि माझं वाक्य कानामात्रेसकट पाठ!

आमचे हे ओसरीवर बसले होते. मी त्यांच्याकडं पाहिलं, फैसला करा म्हणून. ह्यांनी टोपी घातली आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले. बैलांना सकाळीच पाजलेलं होतं.

इहीनबाई उठल्या. पिशवी घेतली, लाडवांचा डबा मंगलपुढं ठेवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. परतीच्या बसची वेळ झाली होती. चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर मी निभावून नेलं असतं. रागाचं मला काही वाटत नाही, मी रागातच वाढले. पण त्या तशाच, पडल्या खांद्यांनी दाराकडं गेल्या आणि मंगल त्यांच्या मागं मागं, पोट सांभाळत. मला दिसत होतं की ही पोरगी आता बाळंत होईपर्यंत रोज हेच मनात घोळवणार. जरा काही दुखलं खुपलं की तिला ते ताट आठवणार.

उंबऱ्यावर इहीनबाई थांबल्या. गोठ्याकडं पाहिलं. चंद्री हळदीकुंकू लावून सवाष्णीसारखी उभी होती. मग माझ्याकडं पाहिलं, आणि त्या बारीक आवाजात म्हणाल्या, “इहीनबाई, माह्या जिभेनं मले काई सांगतलं नाई. तिले दूधच लागलं. थे दाने-बिने मले तुमच्या तोंडून समजले.”

मी म्हटलं, हो जी, माझ्याच तोंडून.

“मानूस कवा कवा फुशारकीबी मारते,” त्या म्हणाल्या. “खोटी.”

एवढं बोलून त्या थांबल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बस येण्याची वेळ झाली होती, पण बाई हलेनात. माझ्या तोंडाकडं बघत उभ्या.

मला उमगलं. बाईंना माझ्याकडून काय पाहिजे होतं ते स्पष्ट होतं. ज्या तोंडानं मोडलं त्याच तोंडानं जोडून द्यायचं होतं. आणि ते एकटीत नाही. तिथं मंगल होती. भिंतीवर सगुणाची हनुवटी होती, आणि आता हनुवटीच्या दोन्ही बाजूंना आणखी दोघीतिघींची डोकी उगवली होती, मीच शिकवलेल्या बायकांची. माझ्याकडून गाळायला शिकल्या, पिळायला शिकल्या. त्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं की चंद्री आटली आहे. दूध नाही म्हणून मी पंधरा घरी रडगाणं गायले होते.

मी चंद्रीकडं पाहिलं. ती रवंथ करत माझ्याकडंच बघत होती, कपाळावर ते ठसठशीत कुंकू घेऊन. मंगलनं हळूच माझा पदर ओढला, लहानपणी जत्रेत ओढायची तसा. म्हणाली, “माय, बोल ना व.”

मी डोळे मिटले, सगुणा दिसू नये म्हणून. आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “चंद्रीचंच दूध होतं जी, इहीनबाई, मले कुठी येते असं पनीर करता?”